महायुद्धांतील सोलापुरी शिपायाचा कागदोपत्रीं माग

महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत १९१४-१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आढळते. गांवांतून किती पुरुष लढाईस गेले व त्यांपैकीं किती कामास आले, एवढेंच तीवर कोरलेलें असतें. इराकांत बसरा येथें १९२९ सालीं उघडलेल्या स्मारकावरहि तोच प्रकार आहे. इंग्रज शिपायांचीं आणि सुभेदार-जमादार दर्जाच्या हिंदी अंमलदारांचीं नांवें तेथें आहेत; सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीखालीं केवळ आंकड्यानें नोंदिलेला आहे. दोन्ही दगड असे मूक असतां त्याचा पत्ता लागावा कसा?

तो लागतो, कारण दगडावर न आलेलें नांव यादींत उतरलें होतें. युद्धसमाधि मंडळाच्या नोंदी आज महाजालावर कोणासहि पाहतां येतात. त्यांत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्युतिथि आणि पुष्कळदां बापाचें किंवा पत्नीचें नांव, गांव व जिल्हा हा तपशील सांपडतो.

तो वाचतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, रोमन लिपींत ट-त, ड-द, ळ-ल हे भेद मावळतात. मूळ नांव ‘बाला’ कीं ‘बाळा’, हें गांवांतच विचारून ठरवावें. दुसरी, आजचा जिल्हा तो तेव्हांचा जिल्हा नव्हे. अक्कलकोट हें निराळें संस्थान होतें व मंगळवेढें सांगली संस्थानाकडे होतें. तेथील शिपाई सोलापूर जिल्ह्याखालीं न सांपडल्यास नवल नाहीं. तिसरी, १९२२ सालीं पलटणींचे क्रमांक बदलले. ११० वी मराठा पलटण पुढें पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. दोन कागदांत दोन क्रमांक दिसले म्हणून माणसें दोन समजूं नयेत.

राहिला तारखेचा पुरावा. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कूट-अल-अमाराच्या वेढ्यांत होत्या. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजीं, तें ठाणें तुर्कांच्या स्वाधीन झालें. यांतील शिपायाची मृत्युतिथि त्यानंतरची असेल, तर तो बंदिवासांत वारला असावा असें अनुमान निघतें. परंतु अनुमान म्हणजे सिद्धि नव्हे. पलटणीचे सगळेच लोक वेढ्यांत नव्हते. रोजनिशीचा अथवा कैद्यांच्या यादीचा दुजोरा मिळेपर्यंत तसें लिहूं नये.

एक साधन मात्र आपल्या घरांतच आहे. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नांव व पलटण कोरलेली असते. तीं सराफाच्या मुशींत जाण्यापूर्वीं कडेवरील अक्षरें उतरून घ्यावीं. पाटीवरील आंकड्यांतलें एक तरी नांव त्यानें परत मिळेल.