कृष्णाकाठची पूरसज्जता
सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते व सांगलीकडे सरकते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी होय. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले.

८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना बाहेर काढताना बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. गावाला वेढा पडल्यानंतर बोटीवर भिस्त ठेवणे किती घातक, हे त्यातून दिसले.

यास्तव विसर्गाची सूचना मिळताच वृद्ध, रुग्ण, गर्भवती व जनावरे उंच ठिकाणी हलवावीत. सातबारा, रेशनकार्ड प्लास्टिकमध्ये बांधून सोबत घ्यावे. रस्ता खुला असेपर्यंत गाव सोडणे, हीच खरी सज्जता.