वात बारीक करण्याचा अधिकार

मराठीने उजेडाचे माप विशेषणांनी घेतले : मिणमिणता, मंद, लख्ख, ढणढणता. त्या मापांवर हुकमत चालविणारी क्रियापदेही तिच्यापाशी आहेत : वात सारणे, वात बारीक करणे, दिवा मालवणे. मोहोळ परिसरात वाढलेल्या आमच्या पिढीला ही भाषा कोशातून शिकावी लागली नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत बनलेला ‘प्रभाकर’ कंदील वाडवडिलांच्या घरी होता आणि वीज गेली की तो खाली निघे. वाचणाऱ्याचे बोट त्याच्या चावीवर असे. उजेड किती हवा, हे तोच ठरवी.

संगणकाच्या पडद्यानेही आरंभी हीच रीत पाळली. काचेच्या नळीच्या पडद्यांना उजेडाची फिरती खुंटी असे. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हीटी१००’ हे टर्मिनल आणले, तेव्हा हे काम कळफलकाकडे आले : ‘सेट-अप’ची कळ दाबायची आणि वर-खाली बाणांनी उजेड वाढवायचा वा उतरवायचा. पुढे लॅपटॉप आले. त्यांच्या पडद्यामागे स्वतंत्र दिवा असतो आणि त्यावरचा ताबा यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे गेला. लिनक्समध्ये, २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीच्या काळात, तो ताबा एका विलक्षण रूपात वापरणाऱ्यापुढे आला. ‘सिस’ या दालनातील ‘बॅकलाइट’ कप्प्यात ‘ब्राइटनेस’ नावाची फाइल असते. तीत एकच आकडा असतो. आज्ञावलीतून तो बदलला की पडद्याचा दिवा बदलतो. लिहिणे हीच येथे कृती असते.

आमच्या विभागातील एका जुन्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स बसविले, पण उजेडाच्या कळा चालेनात. पडदा सदैव ढणढणता. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्यासमोर दहा मिनिटेही बसवेना, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची प्रकरणे तशीच पडून राहिली. तेव्हा आम्ही त्या फाइलपर्यंत पोहोचलो. घाईने शून्य लिहिले आणि पडदा काळाठिक्कर झाला. काही यंत्रांत शून्याचा अर्थ ‘मंद’ नव्हे, तर ‘मालवलेला’ असा होतो. मग तीच आज्ञा न दिसणाऱ्या पडद्यावर, पाठ म्हटल्यासारखी, पुन्हा टंकावी लागली.

त्या अंधाराने एक धडा दिला. येथील आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. शेजारी दुसरी फाइल असते, ‘मॅक्स ब्राइटनेस’. तिच्यात कुठे १५ असतात, कुठे २५५, कुठे हजारांच्या घरातील संख्या. तिच्याविना शंभर म्हणजे मंद की लख्ख, हे कळत नाही. शब्दाचा अर्थ संदर्भात ठरतो, हे वर्गात सांगणाऱ्या आम्हांला ते येथे नव्याने उमगावे, हा विनोदच.

दुसरा धडा फसवणुकीचा. ‘एक्सरँडर’ या आज्ञेलाही ब्राइटनेस सांगता येतो आणि पडदा काळवंडतो. परंतु मागचा दिवा तितकाच जळत राहतो. ती केवळ रंगांना गडद करते. कंदिलाची वात तशीच ठेवून काचेवर काजळी धरावी, तसे हे. डोळ्यांना थोडा आराम पडेल, बॅटरी मात्र वाचत नाही.

खरा प्रश्न अधिकाराचा होता. दिव्याच्या त्या फाइलीत सामान्यतः ‘रूट’ने, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्यानेच, लिहावे असा दंडक असे. समोर बसून डोळे शिणविणाऱ्याला परवानगी मागावी लागे. २०१९ मध्ये ‘सिस्टमडी’च्या २४३ व्या आवृत्तीने यातून वाट काढली : त्या यंत्रासमोर ज्याचे सत्र चालू आहे, त्याच्या वतीने व्यवस्थाच दिव्याचा आकडा बदलू लागली. ‘ब्राइटनेससीटीएल’सारखी छोटी आज्ञा हा मार्ग वापरू शकते.

आमच्या सहकाऱ्यांनी ती आज्ञा आता एका कागदावर लिहून मेजावर ठेवली आहे. रात्री प्रकरण उघडण्यापूर्वी ते ती टंकतात. प्रबंध पुन्हा तपासले जाऊ लागले आहेत. आज्ञा रोमन अक्षरांत आहे. तिच्याखाली त्यांनी आपल्या हस्ताक्षरात तिचा अर्थ लिहिला आहे : वात बारीक कर.