लिंबूटिंबू आणि त्याची ताई

'लिंबूटिंबू' हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला असेल, त्या व्यक्तीला मुलांचं मन आमच्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं. चार वर्षांचं पोर नऊ-दहा वर्षांच्या मुलांत खेळायला येतं. नाही म्हणावं तर भोकाड पसरतं, घ्यावं तर खेळ बिघडतो. मग ते लिंबूटिंबू! त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही, पण खेळात असतं. सोलापूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये दुपारभर पोरं घरातच ठेवावी लागतात. मग सागरगोटे, पत्ते, काचाकवड्या, भातुकली... भातुकलीत तर रांगतं बाळही खपून जातं, बाहुलीच्या जागी!

पण या सगळ्यांवर लक्ष कोण ठेवायचं? 'बेबीसिटिंग' हा शब्द मी अमेरिकेतल्या भाचीकडून ऐकला. तिकडे त्याचे तासावर पैसे मिळतात म्हणे. आमच्याकडे ते काम ताई करायची, आणि ही ताई स्वतःच आठ-दहा वर्षांची असायची.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. गिरणीतल्या बायकांच्या मुलांचा विचार कायद्यात यायला बराच काळ जावा लागला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं बंधनकारक केलं (१९७६ साली हा आकडा ३० वर आला). पण विड्या वळणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिचं घरच. तिथे कुठली वेगळी खोली? मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, शेजारी कात्री-दोरा, आणि त्याच खोलीत तीन मुलं. हजार विड्या पुऱ्या व्हायच्या तर धाकट्यांना कुणीतरी रमवायलाच हवं. म्हणून माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा. कारण विचारलं की एकच उत्तर, "बाई, भाऊ सांभाळायला होते." काही जणी भावाला कडेवर घेऊनच यायच्या. मी त्याला पाटी-पेन्सिल देऊन मागे बसवायची. अर्धा तास बरा जायचा.

हाच पेच ताराबाई मोडकांपुढे आला होता, आणि त्यांनी तो ज्या रीतीने सोडवला ती मला अजून थक्क करते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार काढलेल्या या बाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवर शाळा काढली तरी मुलं येत नव्हती. मोठ्यांना गुरं राखायची, मुलींना भावंडं सांभाळायची. आपण शिक्षक अशा वेळी काय करतो? पालकांना उपदेश! ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. ताई कडेवर बाळ घेऊन आली की बाळ पाळणाघरात, मधला बालवाडीत, ती तिच्या वर्गात. सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. गुराख्यांसाठी कुरणशाळा, आणि जी मुलं येतच नाहीत त्यांच्या दारातल्या अंगणात जाऊन अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणायची? खडे, शिंपले, बिया, पानं. मोजायलाही तीच, खेळायलाही तीच.

योगायोग बघा. त्याच १९४५ साली त्याच भागात गोदावरी परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढत होत्या. आणि आमच्या सोलापूरजवळ कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली, २००६ साली तिचं लोकार्पण झालं, तिला नाव गोदुताईंचं! दोघींचे रस्ते फार वेगळे. एकीने वारली माणसाला मान वर करून उभं केलं, दुसरीने त्याच्या मुलीच्या कडेवरचं ओझं उतरवलं. मला, शिक्षिकेला, दुसरी जवळची वाटते हे कबूल करते. भावंडाला घेऊन दारात उभी राहिलेली मुलगी मी पाहिली आहे ना!

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. मात्र विकासवाडीतली पाळणाघर आणि शाळा यांची जोडी त्याबरोबर सगळीकडे गेली नाही. साध्या अंगणवाडीची वेळ काही तासांची. विडी वळणाऱ्या आईचा दिवस त्याहून मोठा. मधल्या तासांत धाकटा कुणाकडे, याचं उत्तर शिक्षकाला कळायला सर्वेक्षण लागत नाही. मुलगी मधल्या सुट्टीनंतर परत येते का, एवढं पाहिलं की पुरे.