नारायणगुड्याची तेलुगू कन्याशाळा आणि अण्णासाहेबांचे विद्यापीठ

शाळेची योग्यता उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या शेकडेवारीवरून ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु हैदराबादेतील नारायणगुडा भागातल्या एका कन्याशाळेचा वृत्तान्त वाचताना या हिशेबाच्या आधीचा एक प्रश्न पुढे उभा राहतो. प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत छापली होती, आणि ती भाषा परीक्षेस बसणाऱ्या मुलींपैकी कितीजणींच्या घरी बोलली जात होती?

निजामाच्या राज्यात या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खानेसुमारीप्रमाणे प्रजेपैकी निम्मी तरी तेलुगू, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याच्या निम्मे कानडी. उर्दू ही मातृभाषा असणारे दहांत एक असावेत. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या त्या धाडसाचे देशभर कौतुक झाले, आणि ते यथार्थही होते. अनुवादाचे स्वतंत्र खाते उघडून त्या विद्यापीठाने शास्त्रीय विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले. पण ज्या तत्त्वावर ही इमारत उभी होती त्याचा लाभ दहांतील नऊ घरांना नव्हता. १९३१ च्या सुमारास राज्यातील साक्षरता शेकडा पाचाच्या आसपास घुटमळत होती, स्त्रियांची तर त्याहून पुष्कळच खाली. अशा राज्यात तेलुगू घरातील मुलीने शिकावयाचे म्हणजे आधी एक परकी भाषा शिकावयाची.

येथपर्यंत दोष दरबाराचा. पुढचा भाग आपल्या मराठी मंडळींना तितकासा सुखाचा नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली. विवेकवर्धिनी ही शहरातील मराठी मंडळींनी नावारूपास आणलेली शिक्षणसंस्था. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही नावे तिच्याशी जोडलेली. परिषदेचे अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. उर्दू, मराठी आणि इंग्रजी भाषणे झाली, श्रोत्यांनी ती शांतपणे ऐकली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत हशा उसळला, टाळ्या पिटून त्यांना बोलू दिले गेले नाही. श्रोत्यांत मराठी व कानडी मंडळींचा भरणा होता. ज्या राज्यातील निम्मी प्रजा तेलुगू बोलते त्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या व्यासपीठावर, तेलुगू हा हास्याचा विषय ठरला! आमच्या या द्वैभाषिक पत्राच्या वाचकास त्या हशाचा आवाज फारसा अपरिचित वाटू नये. गोव्यात कोकणीतून बोलणाऱ्याने तो अनेकदा ऐकला आहे, आणि हसणारे नेहमीच परके होते असेही नाही.

त्याच रात्री टेकुमल्ल रंगराव यांच्या घरी काही तेलुगू गृहस्थ जमले आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्यांत माडपाटि हनुमंतराव होते. १८८५ साली जन्मलेले, व्यवसायाने वकील, उर्दूतही सफाईने लिहिणारे. अपमानाचे उत्तर सभेत द्यावे ही आम्हां वकिलांची खोड. हनुमंतरावांनी ते शाळेत दिले. १९२८ साली त्यांच्या पुढाकाराने तेलुगू माध्यमाची कन्याशाळा सुरू झाली, आणि वाढत वाढत नारायणगुड्यात तिचे हायस्कूल झाले. शहराचे कोतवाल राजाबहादूर वेंकटरामरेड्डी यांचे तिला पाठबळ होते. शहराचा सर्वांत मोठा पोलीस अधिकारी, सरकारी शिक्षणाच्या चौकटीत न बसणाऱ्या शाळेचा आधार! संस्थानी कारभारात असे विरोधाभास असत, आणि पुष्कळदा त्यांतूनच चार चांगल्या गोष्टी होऊन जात.

अडचण होती परीक्षेची. तेलुगूतून शिकलेल्या मुलींना उस्मानियाचे दार बंद. कायद्यात ‘मान्यता’ हा शब्द दिसावयास लहान, पण शाळेचे जीवनमरण त्यावर अवलंबून असते. ही मान्यता हनुमंतरावांना मिळाली ती पुण्याहून, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाकडून. म्हणजे ज्या परिषदेत तेलुगूची थट्टा झाली तिच्याच अध्यक्षांच्या विद्यापीठाने तेलुगू मुलींना त्यांच्या भाषेतून परीक्षेचा मार्ग मोकळा केला. १९१६ साली अण्णासाहेबांनी हे विद्यापीठ काढले ते मातृभाषेतून शिक्षण या अटीवरच, आणि ती अट मराठीपुरती ठेवली नव्हती.

परीक्षेने मनुष्याचे काय होते हे अण्णासाहेब जाणून होते. १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते कोकणातील मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून परीक्षकांनी त्यांना बसू दिले नाही. दाखला हातात असूनही!

पण या मान्यतेलाही एक मर्यादा होती. खुद्द कर्व्यांचे विद्यापीठच इंग्रज सरकारच्या लेखी मान्यताप्राप्त नव्हते. १९२० साली ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली, पण सरकारी मान्यतेस १९४९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत नारायणगुड्याच्या मुली ज्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या त्यांचा सरकारी नोकरीच्या बाजारात फारसा भाव नव्हता. शेकडेवारी मांडणाऱ्याला हे यश कोणत्या रकान्यात घालावे असा पेच पडेल. माझ्या मते ते पहिल्या रकान्यात घालावे. नोकरीची आशा नसताना आईबापांनी मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकविणे यातच त्या शाळेचा खरा निकाल होता.

हनुमंतराव पुढे हैदराबादचे पहिले महापौर झाले. १९७० साली ते वारले, आणि शाळेला त्यांचे नाव लाभले. वेंकटरामरेड्डी यांच्या नावाचे महिला महाविद्यालयही १९५४ साली नारायणगुड्यातच निघाले.

१९५६ साली हैदराबाद राज्य विसर्जित झाले. पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि शहरात राहिलेला मराठी समाज तेलुगू राज्यातील अल्पसंख्य भाषिक गट झाला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने सोयी पुरविण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्याचा आधार घेण्याची पाळी आता हैदराबादेतील मराठी पालकांची होती.