घर शिकते तेव्हा

आपल्याकडे शेतावरच्या पंपाला ऑटो स्टार्टर बसवतात. रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप चालू! सोय मोठीच; पण वाफे आधीच तुडुंब भरलेत काय, याचा त्या डब्याला पत्ता नसतो. हुकूम पाळणे निराळे, प्रसंग ओळखणे निराळे. यंत्रांनी हे अंतर कसे तोडले, त्याची हकिकत एका मास्तरापासून सुरू होते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी शिक्षक तयार करणारी शाळा होती. तेथील अध्यापक वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ साली विजेच्या तापनियंत्रकाचे पेटंट मिळवले. खोलीतील उष्णतामान बदलले की घंटा वाजे आणि भट्टी सांभाळणारा गडी झडप फिरवी. यंत्राला हवा कळू लागली. माणूस मात्र कळत नव्हता. वर्ग रिकामा असला तरी घंटा वाजायचीच.

पुढे शंभरावर वर्षे गेली. १९९४ साली बिल शिलिट आणि मार्विन थायमर या संशोधकांनी ‘संदर्भ जाणणाऱ्या’ संगणकाची कल्पना मांडली. माणूस कोठे आहे, जवळ कोण आहे, हे पाहून यंत्राने वागावे, असे त्यांचे म्हणणे.

त्याच दशकात कोलोरॅडोतील बोल्डर येथे मायकेल मोझर या प्राध्यापकांनी स्वतःच्याच घरावर प्रयोग केला. योगायोग पाहा, ते घर म्हणजे पूर्वीची शाळाच! उजेड, हवा, आवाज, हालचाल टिपणारी पाऊणशेच्या आसपास साधने त्यांनी बसवली. घराला दोन हिशेब सांभाळायचे होते: विजेचा खर्च आणि माणसाची गैरसोय. घराने दिवा मंद ठेवला आणि माणसाने बटण दाबून तो वाढवला, तर ती गैरसोय मांडायची आणि पुढच्या खेपेस सुधारायचे. विद्यार्थी घर, अन् गुरू त्यात राहणारा माणूस!

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. शिकण्यासाठी घराला सतत पाहावे लागते. आपण केव्हा उठतो, केव्हा बाहेर जातो, याची नोंद ठेवावी लागते. मोझरांच्या प्रयोगात घरही त्यांचे आणि नोंदवहीही त्यांचीच. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक उपकरणांची नोंदवही मात्र दूरच्या कंपनीच्या संगणकात असते. म्हणून असे उपकरण घरात आणताना किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: बाबा रे, तू जे पाहशील ते कोणाला सांगशील? आणि माझे बटण माझ्याच हाती राहील ना?