देवगिरी ते जालना: मनोरुग्णाजवळ बसणारी माणसे

हेमाद्रीचे नाव काढले की मराठी माणसाला काळ्या दगडाची, चुन्याशिवाय रचलेली देवळे आठवतात. मोडी लिपी आणि बाजरीही लोकांनी त्याच्याच खात्यावर मांडून ठेवली आहे. खरेखोटे कोण तपासणार! देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या या श्रीकरणाधिपाचे एक काम मात्र निर्विवाद त्याचे आहे आणि त्याकडे देवळे बघायला जाणाऱ्यांचे लक्ष जात नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. तेराव्या शतकातली ही टीका मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्ताच्या टीकेसोबत छापली आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी ती आजही उघडतात.

वाग्भट पहिल्याच अध्यायात उपचाराचे चार पाय सांगतो: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यातला परिचारक हरकाम्या नाही. रोग्याविषयी माया, स्वच्छता, हाताला चलाखी आणि डोक्याला बुद्धी, असे चार गुण त्याच्यात असावेत ही अट आहे. वैद्य येऊन नाडी बघून जातो. रात्र काढतो तो परिचारक. हेमाद्रीच्याच ‘चतुर्वर्गचिंतामणी’त, दानखंडात, आरोग्यशाळा बांधून देण्याचे पुण्य सांगणारी पुराणवचने एकत्र केलेली आहेत. तिथेही औषधांबरोबर माणसे नेमण्याचा विचार दिसतो. देवगिरीत अशी शाळा उभी राहिली होती असे यावरून ठरत नाही, पण कारभारी म्हणून राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला रुग्णसेवा ही खर्चाची बाब वाटत होती, एवढे दिसते.

व्यसनाच्या बाबतीत ‘अष्टांगहृदय’ थक्क करते. सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेली वाईट सवय कशी सोडवावी ते आहे: एकदम तोडू नये; चौथा हिस्सा, किंवा त्याचाही चौथा हिस्सा कमी करत जावे आणि मध्ये दिवसांचे अंतर ठेवत हितकर गोष्ट तिच्या जागी आणावी. दारूच्या विकाराला, म्हणजे मदात्ययाला, निदान आणि चिकित्सा असे दोन स्वतंत्र अध्याय दिले आहेत. दारू सोडलेला माणूस पुन्हा एकदम भरमसाट प्यायला तर जी अवस्था होते तिला ‘ध्वंसक’ असे वेगळे नाव आहे. आजच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुठल्याही सिस्टरला हा रुग्ण ओळखीचा वाटेल.

उन्मादाचा अध्याय वाचताना मात्र कौतुक जरा आवरावे लागते. प्रिय वस्तू गमावल्याने मन बिघडले असेल तर तशीच वस्तू मिळवून द्यावी, मित्रांनी धीर द्यावा, असे तिथे आहे. आणि त्याच अध्यायात बांधून ठेवणे, उन्हात उताणे निजवणे, दात काढलेल्या सापाने भेडसावणे हेही आहे. माया आणि दहशत एकाच पोथीत नांदत होती. पूर्वजांनी सगळे आधीच सांगून ठेवले होते म्हणणाऱ्यांनी ही पानेही वाचावीत.

हेमाद्रीच्याच काळात वऱ्हाडात, रिद्धपूरला, गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ राहत होते. कुणाच्याही घरात शिरावे, हाताला येईल ते खावे, मध्येच हसावे, मध्येच चिडावे असे त्यांचे वागणे. महानुभावांनी त्यांना परमेश्वर मानले, बाकीच्यांनी वेडे म्हटले. म्हाइंभटाने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात या वागण्याइतकीच ते सांभाळणारी माणसेही भेटतात: जेवू घालणारी, मागे मागे फिरणारी, रुसवा काढणारी महदाइसा आणि तिच्यासारखे इतर. वैद्यकाच्या पोथीबाहेर शुश्रूषा कशी दिसे याचे इतके जवळचे मराठी चित्र दुसरीकडे सापडणे कठीण.

पुढे देवगिरीचे यादव गेले. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. किल्ल्याची ख्याती आता बंदिवासासाठी झाली. इब्न बतूताने इथल्या कोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांची हकीकत लिहून ठेवली. औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहाला मरेपर्यंत इथेच ठेवले. ते कैदी होते, रुग्ण नव्हते. पण वेड्याला सांभाळायचे म्हणजे कोंडायचे, ही समजूत एकोणिसाव्या शतकात सरकारी धोरण बनली तेव्हा रुग्णाची व्यवस्था कैद्यासारखीच झाली. १८५८ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात वेड्यांच्या इस्पितळांना चौकट मिळाली. तिथे परिचारकाच्या जागी आला वॉर्डर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेला.

दौलताबाद मात्र निजामाच्या राज्यात. या राज्याचे वेड्यांचे इस्पितळ होते जालन्यात, राजधानीपासून शेकडो मैल दूर. १९०० साली मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली होती. दौलताबाद, औरंगाबाद आणि जालना ही तिन्ही स्टेशने याच मार्गावर. औरंगाबादकडच्या कुटुंबाला आपले माणूस तिथे पोहोचवणे आणि त्याला भेटायला जाणे त्यामुळे शक्य कोटीतले होते. मनोरुग्णाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट; भेटायला कुणी येत राहिले तरच तो घरी परततो.

१९५३ साली हे इस्पितळ हैदराबादला, एर्रागड्डा इथे हलवले गेले. तीनच वर्षांनी राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. इस्पितळ तेव्हाच्या आंध्रात, रुग्ण इकडे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्यात एकही नाही. या गैरसोयीबद्दल मराठवाड्याने जितका आरडाओरडा करायला हवा होता तितका केला नाही. सिंचनाचा अनुशेष भाषणात येतो, हा येत नाही.

सांभाळण्याचे काम मग घरातल्या बाईकडे आले, नाहीतर बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे. १९५६ साली औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे ‘घाटी’ रुग्णालय हा आसपासच्या जिल्ह्यांचा आधार झाला. त्याच दशकात बंगळूरच्या संस्थेत, आजच्या निम्हान्समध्ये, मानसोपचार परिचर्येची पदविका सुरू झाली आणि या कामाला निराळे शिक्षण लागते हे मान्य झाले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे एक नवे घडले: व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढच्या रुग्णांची सोबत करू लागली.

हे काम नेमके काय असते? दारू बंद होऊन काही तास झाले की हात थरथरू लागतात, घाम फुटतो; पुढच्या दोन-तीन दिवसांत अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटते, भिंतीवर कुणीतरी दिसू लागते. कधी फिट येते. सिस्टर ठरावीक वेळाने नाडी, रक्तदाब, ताप बघते. सलाइनमधून ग्लुकोज जाण्याआधी बी-१ चे इंजेक्शन गेले आहे ना याची खात्री करते, कारण हा क्रम चुकला तर मेंदूला इजा होऊ शकते. शांत करणाऱ्या गोळीचा डोस दिवसागणिक उतरवला जातो, वाग्भटाच्या हिशेबाशी जुळेल असा. रात्री दिवा चालू ठेवायचा, रुग्णाला नावाने हाक मारायची, आज कोणता वार आणि आपण कुठे आहोत ते पुन्हा पुन्हा सांगायचे. गोळी गिळली की जिभेखाली दडवली, तेही बघायचे. दहाव्यांदा तोच प्रश्न आला तरी आवाज चढू द्यायचा नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे सरळ बेकायदा ठरवले. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही याच कायद्याच्या कक्षेत आले आणि मानसोपचार परिचारिकेला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. दरम्यान राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी दिली आहे. मराठवाड्यातून गेलेली गोष्ट त्याच गावी परत येते आहे. इमारतीला कंत्राटदार मिळेल. खरी वाट बघायची आहे ती भरतीच्या जाहिरातीची: त्यात मानसोपचाराचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची पदे किती असतील, आणि सुरक्षारक्षकांची किती.