वकिलीच्या व्यापांतील वरची परीक्षा : म. म. काणे व व्यवहारमयूख

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड संशोधकांच्या नित्य हाताळण्यांतले आहेत. तथापि त्यांच्या चरित्राचा विचार करतांना बहुधा असें मानलें जातें कीं, संस्कृत ही त्यांची विद्या व वकिली हा केवळ चरितार्थ. एकीनें दुसरीचा वेळ खाल्ला, एवढाच दोहोंचा संबंध. हें मत प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाहीं. वकिली करीत असतांनाच काण्यांनीं कायद्याच्या वरच्या परीक्षेचा जो अभ्यास केला, तोच या दोन विद्यांचा सांधा होय, असें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम सालवारी पाहूं. काण्यांचा जन्म १८८० सालचा. १९०३ सालीं ते एम्. ए. झाले. नंतर रत्नागिरी व मुंबई येथें सरकारी हायस्कुलांत त्यांनीं शिक्षकाचें काम केलें, व तें करीत असतांनाच १९०८ सालीं एल्एल्. बी. ची परीक्षा दिली. १९११ सालीं नोकरी सोडून ते मुंबई हायकोर्टांत वकिली करूं लागले, आणि लगेच पुढील वर्षीं, म्हणजे १९१२ सालीं, हिंदु व मुसलमानी कायदा हे विषय घेऊन एल्एल्. एम्. झाले.

या शेवटच्या दोन सालांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. सनद तर हातीं आलेली होती, तिच्यासाठीं एल्एल्. एम्. ची गरज नव्हती. नव्या वकिलास पक्षकार मिळविण्याचीच विवंचना असते, व पक्षकार कांहीं पदव्या मोजून फी देत नाहीं. मग तिशी उलटलेल्या गृहस्थानें दिवसा कोर्टाचें काम करून हा भार कां उचलावा? उत्तर त्या काळच्या न्यायपद्धतींत आहे.

हिंदूंच्या वारशाचे दावे त्या काळीं संस्कृत ग्रंथांच्या आधारें चालत. महाराष्ट्रांत मिताक्षरेस अग्रमान असे. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखास. हा नीलकंठ सतराव्या शतकांतला, पैठणाहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतला. गागाभट्ट याच कुळांतले. कोर्टांतील शास्त्र्यांच्या जागा १८६४ सालीं मोडल्यावर मूळ ग्रंथाचा अर्थ सांगणारा अधिकारी कोर्टांत उरला नाहीं. न्यायाधीश व वकील यांची भिस्त भाषांतरांवर राहिली. मयूखाचें बोरोडेलकृत भाषांतर १८२७ चें, व रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांचें १८८० चें.

एका शब्दावर किती अवलंबून असे, याचें एक उदाहरण देतों. निपुत्रिकाच्या वारसांत याज्ञवल्क्यानें ‘गोत्रज’ असा शब्द घातला आहे. त्यांत बहीण येते कीं नाहीं? मिताक्षरा तिचें स्पष्ट नांव घेत नाहीं. नीलकंठ मात्र पितामहीच्या मागोमाग बहिणीस बसवितो. त्याचें म्हणणें असें : विवाहानें ती सगोत्र राहत नाहीं हें खरें, परंतु भावाच्याच गोत्रांत जन्मल्यामुळें ती गोत्रज आहेच, आणि मूळ वचनांत शब्द गोत्रज आहे, सगोत्र नव्हे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा दोन समासांतला भेद वाटेल. पण याच भेदावर बहिणीचें घर व जमीन ठरे. जो वकील केवळ भाषांतर जाणतो त्यास ही युक्ति दिसते, परंतु तिचें बळ तपासतां येत नाहीं. जो केवळ शास्त्री आहे त्यास बळ कळतें, पण त्यावर काय लटकलें आहे तें कळत नाहीं. १९१२ च्या परीक्षेनें काण्यांस दोन्ही बाजू एकत्र वाचण्याची संवय लावली, असें मला वाटतें.

पुढील क्रम या अनुमानास पोषक आहे. १९१७ पासून कांहीं वर्षें त्यांनीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत अध्यापन केलें. १९२६ सालीं भांडारकर संस्थेनें त्यांची व्यवहारमयूखाची आवृत्ति प्रसिद्ध केली. १९३३ सालीं इंग्रजी भाषांतर निघालें. त्या आवृत्तीस धर्मशास्त्रवाङ्मयाच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, असा त्यांचा मूळ संकल्प होता. तो विषय वाढत गेला, आणि १९३० सालीं पहिला खंड व १९६२ सालीं अखेरचा, अशी पांच खंडांची व साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांची रचना झाली. पुढील वर्षीं त्यांस भारतरत्न मिळालें. या ग्रंथाचें बीज असें कोर्टांत नित्य लागणाऱ्या पुस्तकांत होतें.

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मयूखाचें कोर्टांतील राज्य संपलें. त्यामुळें त्याच्या पोथ्यांची किंमत मात्र कमी झालेली नाहीं. बस्ता सोडला म्हणजे काव्य, पुराण व बखर यांवर आपली दृष्टि प्रथम जाते, व्यवहारकांडाचीं पानें मागें राहतात. प्रस्तुत लेखकाचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. अशा पोथ्या त्यानेंही पूर्वीं रुक्ष म्हणून बाजूस ठेविल्या आहेत, व आज त्याची खंत वाटते. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, दायभागाची पोथी हातीं आल्यास लेखनशक, धन्याचें नांव व समासांतील टिपा उतरून घ्याव्या, आणि ती कायदा जाणणाऱ्या एखाद्या स्नेह्यास अवश्य दाखवावी.